बारव खोदताना: माइनक्राफ्टमध्ये चार कासवं आणि 81 बाय 81 चा खड्डा

18 एप्रिल

वालूरची बारव आमच्याच सेलू तालुक्यात. गोल फिरत खाली उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या पाहिल्या की वाटतं, ज्यांनी ही बांधली त्यांनी मोजमाप कसं सांभाळलं असेल? गावकऱ्यांनी गाळ आणि झाडोरा काढून ती मोकळी केली, तेव्हापासून मी चार-पाच वेळा जाऊन बसलोय तिथं. तशी एक बारव माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात, आमच्या सर्व्हरवर करायची आहे, तीही हातात कुदळ न धरता. असं काम कुणी करायला घेणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून या नोंदी ठेवतोय.

पहिल्या प्रयत्नात गोल वळणाच्या वाट्याला जात नाही. चौरस घेतो, चारी बाजूंनी उतरायला वाट. जुन्या शास्त्रात एक वाट असलेल्या बारवेला नंदा म्हणतात, दोन असतील तर भद्रा, तीन असतील तर जया आणि चार असतील तर विजया. म्हणजे आपली विजया.

वरचं तोंड 81 बाय 81. दर थराला चारी बाजूंनी एक-एक ठोकळा आत सरकायचं. 37 थर झाले की तळ 9 बाय 9 उरतो, आणि त्याच्या खाली 5 ठोकळे खोल कुंड. एकूण 92,202 ठोकळे काढायचे. जमीन 68 च्या उंचीवर आहे, त्यामुळे कुंडाचा तळ 27 वर येईल. तिथपर्यंत साधा दगडच लागतो, डीपस्लेट हा जास्त कठीण दगड त्याच्या बरंच खाली.

एवढा खड्डा टीएनटीने लवकर होतो. लोक उडत्या यंत्रावरून टीएनटी टाकत डोंगरच्या डोंगर साफ करतात. पण सुरुंगाने पायरी राहत नाही. मला काय काढायचं यापेक्षा काय ठेवायचं हे सांभाळायचं होतं, म्हणून सीसी ट्वीक्ड हा मॉड, म्हणजे मूळ खेळाला जोडायची भर, घेतला. त्यात टर्टल नावाचं यंत्र मिळतं, त्याला लुआ या भाषेत प्रोग्राम लिहून द्यायचा. आम्ही त्याला कासवच म्हणतो. खेळाची आमची आवृत्ती 1.20.1.

20 एप्रिल

चार कासवं तयार. एकाला 7 लोखंड, एक पेटी आणि एक कॉम्प्युटर लागतो. कॉम्प्युटरला 7 दगड, 1 रेडस्टोन, 1 काचेचं तावदान. वर हिऱ्याची कुदळ, म्हणजे 3 हिरे. चौघांचे मिळून 28 लोखंड आणि 12 हिरे गेले. कासवाच्या हातात कुदळ झिजत नाही, त्यामुळे हा खर्च एकदाच.

ढवळ्या, पवळ्या, सर्जा आणि राजा अशी नावं दिली. नावं नक्की द्या. रात्री दोन वाजता पडद्यावर "सर्जा: कोळसा संपला" असं दिसलं की कुणाकडे पळायचं ते लगेच कळतं.

कोळशाच्या एका तुकड्यावर कासव 80 पावलं चालतं, लाव्हाच्या एका बादलीवर 1,000. खोदायला इंधन लागत नाही, फक्त चालायला लागतं. हे सगळ्यात आधी ध्यानात घ्या, पुढचा सगळा हिशोब त्यावरच आहे.

22 एप्रिल

नदीकाठी 21 बाय 21 ची चाचणी घेतली. खड्डा तिरका आला.

कारण खडी. कासव समोरची खडी खोदतं, वरची खडी त्याच जागी येऊन पडते, आणि "पुढे जा" ही आज्ञा फसते. कासव जागेवरच उभं असतं आणि माझा प्रोग्राम मात्र एक पाऊल मोजून मोकळा होतो. पहिल्या रांगेत एक चूक, तिसऱ्या रांगेत आणखी दोन, आणि सातव्या रांगेपर्यंत कासव भलत्याच ठिकाणी.

"पुढे जा" ही आज्ञा खरं-खोटं असं उत्तर देते. ते उत्तर न बघता पाऊल मोजायचं नाही. आता समोर काही आहे तोवर खोदत राहायचं, मग पाऊल टाकायचं, पाऊल पडलं तरच आकडा वाढवायचा. तीन ओळींची दुरुस्ती. शोधायला अख्खी संध्याकाळ गेली.

24 एप्रिल

खरी जागा आखली. आबा मागं खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी उभ्या आयुष्यात किती विहिरी खणल्या ते त्यांनाच ठाऊक, यारीवर काम केलेला माणूस.

"काय करायलास रे?"

"बारव खणतोय आबा. ब्याण्णव हजार ठोकळे काढायचेत."

"आन् निघालेला माल कुठं टाकणारेस?"

दोन मोठ्या पेट्या ठेवल्यात म्हणून सांगितलं. आबा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

वेळेचा हिशोब असा: कासवाचं एक पाऊल साधारण 0.4 सेकंदाचं आणि एक खोदणं तेवढंच. थरामागून थर काढला तर ठोकळ्यामागे 0.8 सेकंद, म्हणजे एकाच कासवाला साडेवीस तास. त्यापेक्षा कासवाला मधल्या थरातून चालवायचं आणि समोर, वर, खाली असं तिन्हीकडं खोदायला लावायचं. मग 1.6 सेकंदांत तीन ठोकळे निघतात आणि चालणं एक तृतीयांश होतं, म्हणजे कोळसाही तेवढाच. मला हे फार आवडलं. तसाच प्रोग्राम लिहिला.

रात्री साडेदहाला चौघांना चार पट्टे वाटून दिले आणि खेळ तसाच चालू ठेवून झोपलो.

25 एप्रिल

सकाळी खेळात चालायला गेलो तर पाय उचलेना. खड्ड्यात जमिनीवर दगडांचा खच तरंगत पडलेला, आणि सर्व्हर कसाबसा हलत होता.

दोन मोठ्या पेट्यांत मिळून 6,912 ठोकळे मावतात. पहिल्या तीन थरांचा माल 19,683. पेट्या भरल्यावर "टाक" ही आज्ञा फसली, कासवं भरल्या पोटानं परत खाली गेली आणि खोदत राहिली. पोटात जागा नसली की खोदलेला ठोकळा बाहेर पडतो. जमिनीवर पडलेली वस्तू पाच मिनिटांत नाहीशी होते, त्यामुळे आठ हजारांवर ठोकळे हवेत विरले. मला पुढं हाच दगड लागणार होता.

आबांनी आदल्या दिवशी नेमकं हेच विचारलं होतं. त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "विहिरीला पैला खर्च मातीचा आस्तो, पान्याचा नाय."

सगळ्या मालाला 27 मोठ्या पेट्या लागतात. 432 फळ्या, म्हणजे 108 ओंडके. आज दिवसभर लाकूड तोडलं. माती आणि खडी ठेवायची नाही असं ठरवलं, ती लाव्हात जाते. आणि प्रोग्राममध्ये एक अट: पेटीनं माल घेतला नाही तर कासवानं तिथंच थांबायचं आणि ओरडायचं.

28 एप्रिल

दोन दिवस वाया. खड्ड्यापासून मी लांब गेलो की कासवं थांबायची, कारण जग 16 बाय 16 ठोकळ्यांच्या तुकड्यांचं असतं आणि जवळ खेळाडू नसला की तो तुकडा बंद होतो. त्यासाठी फोर्सलोडची, म्हणजे तुकडा जागा ठेवायची, आज्ञा दिली होती. त्या आज्ञेला ठोकळ्यांचे आकडे द्यायचे असतात, मी 16 ने भागून तुकड्यांचे आकडे दिले. भलतंच रान जागं राहिलं आणि खड्डा झोपलेला. आता नीट 36 तुकडे जागे ठेवलेत. 81 ऐवजी 79 घेतलं असतं तर जागा जुळवून 25 तुकड्यांत भागलं असतं. तुम्ही आखाल तेव्हा 16 चा पाढा आधी बघा.

1 मे

नऊ थर झाले, निम्म्याहून जास्त माल वर आला. ताईला हौसेनं दाखवायला बोलावलं. ती कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, हितून उतरायचं कसं? पायरी माझ्या डोक्याच्या वर हाय."

मी तीन-तीन थर एकदम काढत होतो. तिन्ही थर एकाच मापाचे निघत होते, पुढचे तीन सहा ठोकळ्यांनी लहान. म्हणजे पायरी तीन ठोकळे उंच. खेळातला माणूस एकच ठोकळा चढू शकतो. मी आठवडाभर वरून, उडत, नकाशासारखा खड्डा बघत होतो आणि वरून तो सुरेख दिसत होता. पायऱ्या उतरून बघायचं मला एकदाही सुचलं नाही.

जास्तीचे निघालेले ठोकळे 2,640. ते परत भरायचे.

4 मे

भरायला कासवांनी काढलेला दगड चालत नाही, तो फुटका निघतो. पायरीला सलग दगड हवा, म्हणून भट्टीत भाजून घेतला. एका कोळशावर 8 ठोकळे, म्हणजे 330 कोळसे. तेवढ्यात कासवं 26,400 पावलं चालली असती. आठ भट्ट्या लावल्या तरी 55 मिनिटं. बसवायला मी आणि ताई असे दोन दिवस लागलो. कासवाकडून बसवून घेता आलं असतं, पण या पायऱ्या मला हातानं लावायच्या होत्या.

नवीन पद्धत अशी. तीन थरांत सगळ्यात खालच्या थराचं माप सगळ्यात लहान. तेवढा चौरस तिन्हीकडं खोदत काढायचा, त्यात वेग मिळतो. मग मधल्या थराच्या कडेनं एक फेरी, फक्त वरचं खोदत. मग वरच्या थराच्या कडेनं एक फेरी, वर-खाली काहीच न खोदता. दोन फेऱ्यांत दोन पायऱ्या सुटतात, तिसरी आपोआप राहते. तीन थर एकदम काढण्याचा फायदा बहुतेक शाबूत राहिला. 37 ला तीननं भाग जात नाही, म्हणून शेवटचा थर एकटा.

अजून 44,001 ठोकळे बाकी.

9 मे

दुपारी चारला वावटळ, मागोमाग वळवाचा पाऊस. तारा तुटल्या, लाईट गेली ती रात्री पावणेसातला आली. सर्व्हर हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतो. आमच्या इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूबच आहे.

याची तयारी मी केली होती, असं मला वाटत होतं. दर पावलाला कासव आपला थर, रांग आणि तोंड कुठल्या दिशेला ते एका फाईलमध्ये लिहून ठेवतं. पुन्हा सुरू झालं की फाईल वाचून पुढं चालू.

चालू झालं, पण सर्जानं दक्षिणेच्या पायऱ्यांत पाच ठोकळे आत तोंड घातलं.

रात्री अडीचपर्यंत बसलो तेव्हा उलगडलं. कासवाची फाईल डिस्कवर लागलीच लिहिली जाते. जग मात्र अधूनमधून साठवलं जातं. लाईट अचानक गेली की जग शेवटच्या साठवणीपर्यंत मागं सरकतं आणि फाईल पुढंच राहते. फाईल म्हणत होती रांग 41, सर्जा प्रत्यक्षात उभा होता 36 वर. फाईलवर विश्वास ठेवून परतताना तो 36 ऐवजी 41 रांगा मागं चालला आणि पाच ठोकळे जास्त गेला.

या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच. आपल्याकडं लाईट जाते. दुसऱ्यांचे तयार प्रोग्राम मी चाळले, त्यांत फाईल ठेवलेली असते, पण फाईल आणि जग यांची फारकत धरलेली नसते. चालू झाल्या झाल्या कासवानं आधी आपण खरंच कुठं आहोत ते बाहेरून विचारून घ्यायला हवं.

12 मे

बाहेरून म्हणजे जीपीएस. मॉडमध्येच सोय आहे. ठरलेल्या जागी चार कॉम्प्युटर, प्रत्येकाला वायरलेस मॉडेम, आणि ते आपापली जागा सांगत राहतात. कासवाच्या दुसऱ्या बाजूलाही मॉडेम. एका मॉडेमला 8 दगड आणि 1 एंडर पर्ल. हे पर्ल एंडरमन नावाच्या खेळातल्या राक्षसांकडून मिळतात, आठ पर्लसाठी दोन रात्री ते मारले.

दोन चुका केल्या. चारही कॉम्प्युटर एकाच उंचीवर ठेवले. तसं केलं की दोन उत्तरं निघतात, एक वरचं आणि एक त्याच्या आरशातलं खालचं. एकाला सहा ठोकळे वर चढवल्यावर सुटलं. आणि चौघांना उत्तरेच्या कोपऱ्यात, पेट्यांजवळ बसवलं. साध्या मॉडेमची हाक जमिनीजवळ 64 ठोकळे जाते, समोरचा कोपरा त्याच्या बाहेर. मॉडेम उंचावर असला की पल्ला वाढतो. चौघांना 250 च्या उंचीवर नेलं, मोबाईलच्या टॉवरसारखं. आता तळातूनही उत्तर येतं.

जीपीएस जागा सांगतं, तोंड कुणीकडं ते सांगत नाही. त्यासाठी एक पाऊल टाकून पुन्हा विचारायचं, दोन उत्तरांतल्या फरकावरून दिशा कळते. हे पाऊल पायरीकडं पडू नये म्हणून कासव आधी वर, मोकळ्या हवेत जातं आणि मग पाऊल टाकतं.

घरातल्या पडीक यूपीएसला नवी बॅटरी घातली, 1,100 रुपये. बारा मिनिटं मिळतात, आणि सर्व्हर नीट बंद केला की जग आणि फाईल जुळलेली राहतात. मी घरी नसेन तर? आईनं विचारून घेतलं, मॉनिटरवर कागद चिकटवला: लाईट गेली की स्टॉप लिहायचं, एंटर मारायचं. त्यानंतर तीनदा लाईट गेली, तिन्ही वेळा आईनं बंद केला. एकही ठोकळा इकडचा तिकडं झाला नाही.

16 मे

पवळ्या गायब. जीपीएसला उत्तर नाही, खड्ड्यात नाही, कुठंच नाही.

आधी वाटलं, हीदेखील साठवणीचीच करणी. जगाचे तुकडे वेगवेगळ्या वेळी साठवले जातात, सीमेवरचं कासव दोन्ही तुकड्यांतून निसटू शकतं. पण परवापासून लाईट गेलीच नव्हती. चुलत दादा पुण्याहून खेळतो, तो म्हणाला, "पेट्या उघडून बघ की." तेविसावी पेटी उघडली. दगडांच्या ढिगात, दुसऱ्या ओळीत, पवळ्या.

परतीच्या वाटेवर ढवळ्याच्या समोर पवळ्या आला. ढवळ्याला समोर काहीतरी लागलं, त्यानं खोदलं, पोटात घातलं आणि दगडांबरोबर पेटीत रिकामं केलं. त्यानं मी सांगितलं तेच केलं होतं.

आता खोदण्याआधी समोरच्या ठोकळ्याचं नाव विचारलं जातं. नाव टर्टलचं असेल तर थांबायचं. शिवाय चौघांच्या परतीच्या वाटा वेगळ्या उंचीवर: 70, 72, 74 आणि 76. समोरासमोर येण्याचा प्रश्नच उरला नाही. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

21 मे

तेविसाव्या थरावर, 46 च्या उंचीला, उत्तरेच्या पायरीत पाणी लागलं. कासवाला पाणी म्हणजे रिकामी जागा. चौघं त्यातून बिनदिक्कत खोदत राहिले आणि आकडे बरोबर येत गेले. मला कळलं ते पाणी तळापर्यंत गेल्यावर. वाहत्या पाण्यात कुठली पायरी सुटली, कुठली नाही, काही दिसेना.

उगम एकाच ठोकळ्याचा होता. दगड लावून बंद केला आणि शेजारी मशाल ठोकली, ती जागा पुन्हा सापडावी म्हणून. आता कडेच्या फेरीत कासव भिंतीकडं बघतं, भिंतीत दगड नसेल तर पोटातला एक लावतं. हे सांगितल्यापासून तीन ठिकाणी पोकळ गुहा आपोआप बुजल्या.

2 जून

सदतिसावा थर पूर्ण. कोळसा एकदाच संपला, राजाचा, तळात. परतीच्या अंतरावर 200 पावलांची शिल्लक नसेल तर वर यायचं ही अट आधी नव्हती, आता आहे.

7 जून

कुंडाचे 405 ठोकळे सकाळी निघाले. कासवं वर आणून ठेवली, चौघं एका ओळीत, बारवेच्या काठावर. कागदावर चौघांना पाच तासांचं काम होतं, लागले सात आठवडे. त्यातला निम्मा वेळ तीन ठोकळे उंच पायऱ्या आणि 9 मेची ती संध्याकाळ यांत गेला.

ताई आणि मी चारही वाटांनी पायऱ्या उतरून आलो, प्रत्येक पायरी. पश्चिमेला अकराव्या थरावर एक ठोकळा राहिला होता, तो मी हातानं काढला. कुंड बादल्यांनी भरलं. मग उत्तरेच्या मशालीजवळ जाऊन तो दगड काढला. पाणी पायरीवर आलं, जरा पसरलं, आणि एक-एक पायरी उतरत खाली निघालं.

आबा बघत होते. "किती परसावर लागलं पानी?"

"ठोकळ्यांत सांगू का आबा? बावीस."

"चांगलं लागलं," ते म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढून घेतली.